वरच्याचं पाणी, खालच्याची मोरी

आधी आवाज येतो. वरच्या मजल्यावर कुणी फ्लश ओढला, की तळमजल्याच्या मोरीत गुडगुडतं, नहाणी ट्रॅपच्या जाळीतून दोन-चार बुडबुडे वर येतात. तेवढ्यावर प्लंबर बोलावला तर काम थोडक्यात आटपतं. बहुतेक घरांत तो बोलावला जात नाही. मग एका सकाळी, इमारतीत सगळ्यांच्या नळांना एकदम पाणी येतं त्या वेळी, जाळीतून ते उलटं चढू लागतं. काळपट, वर तेलाचा तवंग, त्यात चहाचा चोथा आणि भाताची शितं. त्यामागून मैला.

परदेशात घराखालच्या तळघरात ही आपत्ती येते. मुंबईत तळघरात राहायची परवानगी नाही, पण आपली तळमजल्याची खोली वेगळी काय असते? रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले आणि उंबरठा होता तिथेच राहिला. भायखळ्याच्या जुन्या गल्ल्यांतून रस्त्यावरून एक-दोन पायऱ्या उतरून घरात जावं लागतं, अशी कितीतरी बिऱ्हाडं आहेत. पाण्याला पुढची वाट मिळाली नाही की ते सगळ्यात खालच्या उघड्या तोंडातून बाहेर पडतं. ते तोंड या लोकांच्या मोरीत आहे.

गेल्या पावसाळ्यात स्टेशनजवळच्या एका चाळीत मी हे पाहिलं. घरातल्या आजींनी जाळीवर गोणपाट टाकलं होतं, त्यावर पाटा, पाट्यावर पाण्यानं भरलेला हंडा. तरी कडेनं पाणी झिरपत होतं. धान्याचे डबे पलंगावर गेले होते, गॅसचा सिलिंडर शेजाऱ्यांकडे. सून जिन्यात उभी राहून वर ओरडत होती, "नळ बंद करा हो!" दुसऱ्या मजल्यावरून उत्तर आलं, "आमच्याकडे तर नीट जातंय."

सगळा घोळ या एका वाक्यात आहे. वरच्याचं नीट जातं, कारण ते खालच्याच्या घरात येतं. चोकअप असतो सामाईक लाइनमध्ये, पण तो दिसतो एकाच घरात. म्हणून इमारत त्याला त्या घराचा प्रश्न समजते. प्लंबर त्यांनी आणायचा, पैसे त्यांनी द्यायचे, वर "तुम्हीच मोरीत काहीतरी टाकलं असेल" हेही त्यांनीच ऐकायचं. हा उघड अन्याय आहे.

त्या दिवशी चेंबरचं झाकण पहारीनं उचललं, बांबूच्या लांब चिपा एकाला एक बांधून आत सारल्या, तेव्हा निघालं काय? सॅनिटरी पॅड, गुटख्याच्या पुड्या, तेलाचा साबणासारखा घट्ट झालेला गोळा आणि सिमेंटचे खडे. सिमेंट कुठून आलं हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण वर एका खोलीत नवीन लाद्या बसत होत्या. मिस्त्री घमेलं मोरीत धुतात आणि तो माल लाइनच्या वळणावर जाऊन धरतो. जुन्या चिनी मातीच्या पाइपांचे सांधे तर घुशी आणि पिंपळाची मुळं आधीच उचकटून ठेवतात.

भायखळ्याची जमीनही या कामी मदत करत नाही. वरळीची खाडी हॉर्नबी वेलार्डच्या बांधानं अठराव्या शतकाच्या अखेरीस अडवली, तोवर महालक्ष्मीपासून भायखळ्यापर्यंतच्या सखल पट्ट्यात भरतीचं पाणी शिरत असे. पुढे त्या भागात भराव पडला, गिरण्या आल्या, चाळी आल्या. उतार मात्र बेताचाच राहिला. कागदावर सांडपाण्याची वाहिनी वेगळी आणि पावसाच्या पाण्याची वेगळी. प्रत्यक्षात कितीतरी इमारतींच्या गच्चीचं आणि अंगणाचं पाणी सरळ मैल्याच्या चेंबरमध्ये सोडलेलं असतं. त्यामुळे जोराची सर आली की मोरी उलटते. नालेसफाईच्या फोटोंनी ही मोरी वाचत नाही, कारण नाला आणि ही लाइन या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

पाणी तुंबलं की रस्त्यावरच्या मॅनहोलचं झाकण उघडून देण्याची एक सवय आपल्याकडे आहे. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात डॉ. दीपक अमरापूरकर प्रभादेवीजवळ अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीला मिळाला. रस्त्यावरच्या झाकणाला रहिवाशांनी हात लावायचा नाही, एवढं तरी त्यानंतर ठरायला हवं होतं.

आता घरगल्लीबद्दल. दोन इमारतींमधली ती अरुंद बोळ, जिथे सगळे पाइप उतरतात आणि जिथे खिडकीतून वाटेल ते फेकलं जातं. ती मुळात ठेवली गेली मैल्याच्या टोपल्या उचलणाऱ्यांना मागच्या मागे यायला-जायला. त्यांना हलालखोर म्हणत, आणि 1888 च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात त्यांच्या कामासाठी वेगळा हलालखोर करही होता. टोपल्या गेल्या, पाइप आले. पण घाण आपली आणि ती काढायला उतरणारा माणूस ठरावीक जातीचा, ही रीत गेली नाही. आजही सोसायटीचे सेक्रेटरी सहज म्हणतात, "एखादा माणूस उतरवा, तासाभरात मोकळं होईल."

माणूस उतरवायचा नाही. हातानं मैला काढण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्यानुसार संरक्षक साधनांशिवाय कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि तो कायदा सोसायटीलाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये गटारात मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबांची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली आणि 29 जानेवारी 2025 ला मुंबईसह सहा महानगरांत माणसाकरवी गटारसफाई थांबवण्याचा आदेश दिला. त्यानंतर सहा आठवडेही झाले नव्हते, 9 मार्चला आपल्या शेजारच्या नागपाड्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत उतरलेले चार मजूर गुदमरून गेले. ती पाण्याची टाकी होती. मैल्याच्या चेंबरमध्ये साचणारा वायू तर दोन-तीन श्वासांत माणसाला आडवा करतो, आणि त्याला वाचवायला उतरणाराही तिथेच पडतो.

मग करायचं काय? पाणी उलटलं की पहिल्यांदा सगळ्या इमारतीनं नळ आणि फ्लश बंद करायचे. खालच्या खोलीतली वीज मेन स्विचवरून बंद करायची, पण स्विच पाण्यात उभं राहून दाबायचा नाही. मोरीत अ‍ॅसिड ओतू नये, त्याने चोकअप निघत नाही आणि मागाहून काम करणाऱ्याचे हात भाजतात. मग इमारतीचं शेवटचं चेंबर बघायचं, म्हणजे रस्त्यावरच्या लाइनला जोडण्याआधीचं. ते कोरडं असेल तर अडथळा आपल्या आवारात आहे आणि खर्च आपला. ते काठोकाठ भरलेलं असेल तर अडथळा बहुधा पालिकेच्या लाइनमध्ये आहे, तेव्हा 1916 ला फोन करून जेटिंग मशीन मागवायचं आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवायचा.

पाणी ओसरलं म्हणजे संपलं, असंही नाही. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत मैला झिरपला असेल तर अख्खी इमारत कावीळ आणि टायफॉइडच्या तोंडी जाते, दुसऱ्या मजल्यासकट. टाकी उपसून, धुऊन, क्लोरीन टाकून घेतल्याशिवाय ते पाणी पिऊ नये. मोरीतून उलटलेल्या पाण्यात अनवाणी वावरलेल्यांनी ताप येण्याची वाट न बघता लगेच डॉक्टरांना भेटावं. उंदरांच्या मुतातून होणारा लेप्टो मुंबईला नवा नाही.

पुढच्या पावसाळ्यासाठी तळमजल्याच्या जोडणीवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवता येतो, म्हणजे पाणी जातं पण परत येत नाही. तो मधूनमधून साफ करावा लागतो, आणि तो बंद असेपर्यंत त्या घराचंही पाणी बाहेर जात नाही, हे ध्यानात ठेवून बसवावा. गच्चीचं पाणी मैल्याच्या चेंबरमधून काढून पावसाच्या गटाराला जोडावं, आणि घरगल्ली मे महिन्यातच साफ करून घ्यावी.

पागडीच्या इमारतीत मालक फिरकत नाही, उपकर भरूनही दुरुस्ती मंडळाची वाट बघत बसावं लागतं, हे मला मान्य आहे. त्यांच्याशी भांडण चालू ठेवाच. पण चोकअपचं बिल खोल्यांच्या संख्येनं भागून सगळ्यांनी भरायला मालकाची सही लागत नाही. तुमच्या इमारतीच्या पुढच्या सभेत हा एक ठराव मांडा, आणि तो वरच्या मजल्यावरच्या कुणीतरी मांडावा.