सही कुणाची, शरीर कुणाचं?

संशोधनातला प्रामाणिकपणा हा विषय बायकांच्या पुरवणीत कशाला, असं कुणालाही वाटेल. 'ते विद्यापीठातले लोक बघून घेतील, आपला काय संबंध?' हे वाक्य मी आमच्या महिला मंडळातच ऐकलं आहे. मी स्वतः कला शाखेची पदवीधर, शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेचं तोंड पाहिलेलं नाही. तरीही म्हणते, मैत्रिणींनो, संबंध आहे आणि तो थेट आपल्या घराशी आहे. डॉक्टर लिहून देतात ती गोळी, बाळाला टोचतात ती लस, गरोदरपणात मिळणारी लोहाची गोळी, या सगळ्यामागे कुणीतरी कुठेतरी केलेलं संशोधन असतं. त्यात खोटेपणा झाला तर नाव मोठ्या माणसाचं जातं, पण किंमत आपल्यासारख्या मोजतात.

दक्षिण कोरियातलं एक प्रकरण यासाठी सांगण्यासारखं आहे. ह्वांग वू-सुक हे तिथल्या सोल राष्ट्रीय विद्यापीठातले शास्त्रज्ञ. मानवी भ्रूणाचं क्लोनिंग करून त्यातून मूळ पेशी मिळवल्या, असा दावा त्यांनी २००४ मध्ये 'सायन्स' या नावाजलेल्या नियतकालिकात केला. २००५ मध्ये दुसरा निबंध आला. त्यात रुग्णांच्या स्वतःच्या पेशींपासून अशा पेशींचे ११ संच तयार केल्याचं म्हटलं होतं. पाठीच्या कण्याला इजा होऊन अंथरुणाला खिळलेले लोक उठून चालतील, अशी आशा साऱ्या देशाला वाटू लागली. सरकारने त्यांना मानाची पदवी दिली, टपाल तिकीटसुद्धा निघालं.

आता यात बायका कुठे आल्या? या प्रयोगाला स्त्रीबीजं लागतात. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारातून गेलेल्या मैत्रिणींना ठाऊक असेल, बीजं काढायची म्हणजे आधी कित्येक दिवस हार्मोनची इंजेक्शनं, मग सुईने बीजं काढून घ्यायची. पोट फुगणं, दुखणं, कधीकधी इस्पितळात दाखल व्हावं लागणं, हे सारं त्यात येतं. स्वतःच्या बाळासाठी बाई ते सोसते. इथे ते दुसऱ्याच्या प्रयोगासाठी सोसायचं होतं. ह्वांग यांनी दोन निबंधांत मिळून चारशेच्या आसपास बीजं वापरल्याचं लिहिलं होतं. चौकशीत आकडा निघाला दोन हजारांच्या वर, आणि ती देणाऱ्या स्त्रिया शंभराहून अधिक. त्यातल्या काहींना पैसे दिले होते. दोघी तर त्यांच्याच प्रयोगशाळेत हाताखाली काम करणाऱ्या तरुण मुली होत्या. ज्याच्या हातात आपली नोकरी, पदवी आणि पुढचं सारं आयुष्य आहे, त्याच्या कामासाठी 'मी स्वखुशीने देते' असं एखादी मुलगी म्हणते, तेव्हा ती खुशी कितपत खरी समजायची? सासूबाईंनी सगळ्यांसमोर 'तुला चालेल ना गं?' विचारल्यावर सून जे 'हो' म्हणते, त्याच्याच जातीचं हे 'हो'.

प्रकरण उघडकीला आणलं ते त्याच प्रयोगशाळेत पूर्वी काम केलेल्या एका तरुण डॉक्टरने. त्याने दूरचित्रवाणीच्या पत्रकारांना सगळं सांगितलं. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये कार्यक्रम दाखवला गेला आणि लोक चिडले ते पत्रकारांवरच. जाहिरातदारांनी जाहिराती काढून घेतल्या. हजारावर स्त्रिया 'आमची बीजं घ्या' म्हणून पुढे आल्या. देशाचं नाव होतंय, त्यात खोट काय काढता, अशी सगळ्यांची भावना! पण विद्यापीठाने चौकशी समिती नेमली आणि जानेवारी २००६ मध्ये तिचा निष्कर्ष आला. दोन्ही निबंधांतले पुरावे बनावट होते, दाव्याप्रमाणे तयार केलेला पेशींचा एकही संच नव्हता. 'सायन्स'ने दोन्ही निबंध मागे घेतले. पुढे २००९ मध्ये न्यायालयाने ह्वांग यांना संशोधनाच्या पैशांचा अपहार आणि स्त्रीबीजांबाबतच्या कायद्याचा भंग यांसाठी दोषी ठरवलं. शिक्षा झाली, पण ती स्थगित ठेवलेली. त्या शंभरावर बायकांनी सोसलेलं मात्र परत कोण देणार?

संशोधनातल्या गैरप्रकाराचे मुख्य तीन प्रकार मानले जातात. एक, आकडे मनानेच रचणं. दुसरा, मिळालेल्या आकड्यांत सोयीची फेरफार करणं. तिसरा, दुसऱ्याचं लिखाण किंवा काम आपलं म्हणून खपवणं. भिशीच्या वहीत न आलेले पैसे आले दाखवणं, आलेल्या रकमेत खाडाखोड करणं आणि दुसरीने केलेला हिशेब 'मी केला' म्हणून मिरवणं, हे आपल्याला लगेच कळतं. विज्ञानाची वहीही तशीच आहे. फक्त तिथली खाडाखोड सापडायला वेळ लागतो.

हे सारं फक्त परदेशात घडतं असं नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात बायकांच्या आरोग्याचं एक सर्वेक्षण झालं. मुली ठेवल्या होत्या, मोबदला फॉर्ममागे, आणि दिवसाला वीस फॉर्म झालेच पाहिजेत. प्रश्न इतके की एका घरी पाऊण तास सहज जायचा. बायका रानात, दारांना कड्या. मग काय होणार? देवळाच्या पारावर बसून फॉर्म भरले गेले. बाळंतपण कुठे झालं, रक्त कमी आहे का, गोळ्या घेता का, सगळ्याची उत्तरं अंदाजाने. आम्ही काही जणी पाड्यावर नेहमी जात होतो, म्हणून ते ध्यानात आलं. मी त्या मुलींना एकट्यांना दोष देणार नाही. वीस फॉर्मचा आकडा ज्याने ठरवला, त्याने एक दिवस त्या वाटा तुडवून बघायला हव्या होत्या. पण परिणाम बघा. ज्या बाईला चालताना धाप लागते, ती कागदावर ठणठणीत झाली. उद्या त्या कागदावरून योजना ठरली, तर तिच्या वाटणीला काय येणार?

आणि संमतीचं म्हणाल, तर आपल्या देशातलं उदाहरण कोरियाहून कमी बोलकं नाही. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातला खम्मम जिल्हा आणि गुजरातेतला वडोदरा जिल्हा इथे दहा ते चौदा वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला आळा घालणारी एचपीव्ही लस देण्यात आली. 'पाथ' या अमेरिकी संस्थेचा तो प्रकल्प, सोबत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राज्य सरकारं. काही मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्यावर २०१० मध्ये तो थांबवला गेला. ते मृत्यू लशीमुळे झाल्याचं चौकशीत दिसलं नाही, हे आधी स्पष्ट सांगते. पण दुसरी गोष्ट दिसली. खम्ममच्या वसतिगृहांत राहणाऱ्या आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांच्या जागी अधीक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने यावर कडक ताशेरे ओढले. मुलगी कुणाची आणि सही कुणाची!

यातलं सगळ्यात मोठं नुकसान कोणतं? लस चांगली होती. गर्भाशयमुखाचा कर्करोग आपल्या देशात आजही बायकांचा जीव घेतो आहे. पण कागदावरच्या त्या हलगर्जीपणामुळे लोकांच्या मनात लशीबद्दलच भीती बसली. विश्वास एकदा उडाला की चांगलं औषधही विषासारखं वाटायला लागतं. म्हणून संशोधकांनी सचोटी पाळणं ही नुसती नीतिमत्तेची गोष्ट नाही, त्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात.

नियम नाहीत असं नाही. औषधाच्या कुठल्याही चाचणीची आधी सरकारी नोंदवहीत नोंद व्हायला हवी, हे जून २००९ पासून सक्तीचं आहे. त्यामुळे नको तो निकाल गुपचूप दडवणं कठीण होतं. माणसांवरील संशोधनासाठी वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पीएच.डी.च्या प्रबंधातल्या उचलेगिरीवर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये नियम केले, साठ टक्क्यांहून जास्त मजकूर दुसऱ्याचा निघाला तर नोंदणीच रद्द. आणि २०१९ च्या औषध चाचणी नियमांत एक गोष्ट आपल्या कामाची आहे. चाचणीला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात जण लागतात, त्यात एक तरी स्त्री आणि एक तरी सामान्य नागरिक असलाच पाहिजे. म्हणजे 'हा कागद आमच्या गावच्या बाईला कळणार नाही, सोपा करा' असं बजावणारीला तिथे हक्काची खुर्ची आहे. ती नुसती कोरम भरायला नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालय असेल, तर तिथल्या समितीवर कोण आहे, हे आपल्या मंडळांनी जरूर विचारावं.

आणि आपल्या दारात कुणी फॉर्म घेऊन आलं तर? घाबरू नका, हाकलूनही देऊ नका. चार प्रश्न विचारा. हे कुणासाठी चाललंय? मला यात धोका काय? मध्येच नको वाटलं तर सोडता येईल ना? काही बरंवाईट झालं तर खर्च कोण करणार? उत्तरं आपल्या भाषेत मिळायला हवीत आणि कागदाची एक प्रत आपल्या हातात. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर सगळं वाचून दाखवलं गेलं पाहिजे. हा आपला हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत.

खोटेपणाची सवय मात्र घरातच मोडावी लागते. मुलाचा विज्ञानाचा प्रकल्प दुकानातून तयार विकत आणायचा आणि 'निष्कर्ष' मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवायचा, हे आता सर्रास चालतं. हरभरा उगवायला पाच दिवस लागले तर पाचच लिहू दे. पुस्तकात तीन लिहिलेत म्हणून वहीत तीन नकोत. गुण एखादा कमी पडला तरी चालेल. उद्या हाच मुलगा कुणाच्या तरी लेकीच्या औषधाचा हिशेब लिहिणार आहे.