झोपायला आलोत का आपण?

पावसाळ्यात कपिलधारला गेलात तर धबधब्याजवळ शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. मागच्या श्रावणात आम्ही घरचे सगळे मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन घेऊन डबा खायला बसलो होतो. डबा संपला, मी भांडी आवरायला घेतली आणि बघते तर आई भिंतीला टेकून गाढ झोपलेली. अंगावर पंखा नाही, खाली गादी नाही, पाण्याचा आवाज अखंड चालू. पप्पा तिला उठवायला निघाले, तर आजीनं नुसत्या हातानं थांबवलं. पाऊण तास झोपली ती.

मला लगेच मे महिन्यातली ती रात्र आठवली. त्या रात्री आम्ही साडेचार हजार रुपये मोजून एसी खोली घेतली होती आणि आईचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

निमित्त होतं भावाच्या दहावीचं. ‘पेपर झाले की इमॅजिका’ असं पप्पांनी कबूल केलेलं. बीडहून खोपोली म्हणजे तीनशे किलोमीटरच्या पुढचा प्रवास. त्यामुळे आदल्या दिवशी निघायचं, रात्री पार्कच्या आसपास मुक्काम करायचा आणि सकाळी गेट उघडायच्या आत रांगेत उभं राहायचं, असा प्लॅन होता. बुकिंग माझ्याकडे होतं. आजकाल बहुतेक घरांत ते आपल्याकडेच असतं. ‘तुला कळतं मोबाइलमधलं, तूच बघ’ म्हणून फोन हातात येतो. मीही बघितलं. किंमत बघितली, फोटो बघितले, नाश्ता आहे का बघितलं, पार्कपासून अंतर बघितलं. पाच माणसं, एक खोली, दोन जादा गाद्या. झालं काम!

खोलीची खिडकी लॉनवर उघडत होती आणि लॉनवर हळदीचा कार्यक्रम होता. डीजे बंद व्हायला बारा वाजले. मग पाहुणे खोल्यांकडे परतायला लागले. आमच्या दारासमोर लिफ्ट होती, ती दर दोन मिनिटांनी ‘टिंग’ करायची. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. तीनच्या सुमाराला लाइट गेली आणि खिडकीखालचा जनरेटर सुरू झाला. साडेपाचला एका ट्रॅव्हल्सवाल्यानं आपल्या प्रवाशांना गोळा करायला हॉर्न वाजवला. रात्री अकराला मी रिसेप्शनवर फोन करून खोली बदलून मागितली होती. ‘मॅडम, सगळं फुल आहे,’ असं उत्तर मिळालं. त्या माणसाचीही चूक नव्हती. खोली बदलून मागायची वेळ संध्याकाळीच निघून गेली होती.

मी फोन ठेवला तेव्हा पप्पा कुशीवर वळत म्हणाले, ‘‘एक रातीचा तर प्रश्न आहे. झोपायला आलोत का आपण इथं?’’

हे वाक्य तुमच्याही घरात ऐकलं असेल. रूम फक्त बॅगा ठेवायला, असं आपण सगळेच म्हणतो. पण दुसऱ्या दिवशी काय झालं ते सांगते. आईला बीपीची गोळी आहे. सकाळपासून तिचं डोकं धरलेलं, उन्हात गरगरायला लागलं. पार्कमध्ये तिला एकच राइड करायची होती, ‘आय फॉर इंडिया’. उंच खुर्चीत बसून मोठ्या पडद्यावर वरून देश दिसतो, ती. तिचा व्हिडिओ तिनं तीनदा बघितला होता. त्या रांगेपर्यंत आलो आणि ती म्हणाली, ‘‘तुम्ही या जाऊन, मी बॅगा धरते.’’ आम्ही गेलो. बाहेर आलो तेव्हा ती बाकावर डोळे मिटून बसली होती, मांडीवर पाच जणांच्या बॅगा. तिचं तिकीट आमच्याइतकंच पूर्ण होतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की फॅमिली ट्रिपचं बुकिंग करताना शांतता हा शेवटचा नाही, पहिला मुद्दा असला पाहिजे. शांत खोली मागणं हा नखरा नाही. घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला सहलीत सामील करून घेण्याची ती अट आहे. आणि बुकिंग आपल्या हातात आलंय, तर ही जबाबदारीही आपलीच.

आधी एक शंका सोडवू. धबधब्याचा आवाज काही कमी नसतो, मग तिथं झोप लागते आणि हॉटेलात का नाही? कारण झोपेचा शत्रू मोठा आवाज एवढाच नसतो, अचानक बदलणारा आवाजही असतो. पाणी एकसारखं पडतं, मेंदू त्याला सरावतो. शिवाय त्या आवाजात बाकीचे छोटे आवाज झाकले जातात. दार आपटणं, लिफ्टची घंटा, हॉर्न यांचं तसं नसतं. शांततेत ते एकदम येतात आणि प्रत्येक वेळी मेंदूला ‘काय झालं?’ विचारायला लावतात. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत झोपायच्या खोलीसाठी म्हणूनच दोन वेगळे आकडे आहेत. सलग आवाज ३० डेसिबलपर्यंत आणि मध्येच येणारा एखादा आवाज ४५ डेसिबलपर्यंत. साधं बोलणं साधारण ६० डेसिबलच्या आसपास असतं. यावरून लॉनवरच्या डीजेचा अंदाज करा.

त्यात परकी जागा. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की नव्या ठिकाणी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा एक भाग जास्त सावध राहतो, जणू पहाऱ्यावर असतो. म्हणजे मुक्कामाची पहिली रात्र तशीही कच्चीच. आपल्या ट्रिपा बहुतेक एका नाहीतर दोन रात्रींच्या. अर्धी ट्रिप तर या पहाऱ्यातच जाते.

आणि आई? तिचा पहारा तर घरीही उठत नाही. नळाला पाणी रात्री कधी येईल याचा भरवसा नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं ती एक कान उघडा ठेवून झोपते. आजी खोकली की तिला जाग येते. भाऊ आणि पप्पा डीजेतही घोरत होते. जे सहज झोपतात तेच ‘झोपायला आलोत का’ असं विचारतात, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. ज्याची झोप कुत्र्याच्या झोपेसारखी सावध, त्याला बुकिंग करताना कुणी विचारत नाही.

‘शांतता पाहिजे तर महागडं रिसॉर्ट घ्या’ असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. उलट आपण आवाजासाठी जास्त पैसे भरतो! ‘पूल व्ह्यू’, ‘लॉन व्ह्यू’, ‘रोड फेसिंग’ या खोल्यांचे दर अनेकदा वरचे असतात, आणि पूल, लॉन, रस्ता या तीनही ठिकाणी आवाज असतो. मागच्या बाजूची, भिंतीकडे तोंड केलेली खोली फोटोत वाईट दिसते म्हणून कुणाला नको असते. रात्री दहानंतर व्ह्यू कोण बघतं? तेव्हा फक्त ऐकू येतं.

त्या ट्रिपनंतर मी दोनदा घरच्यांचं बुकिंग केलं, एकदा शेगाव आणि एकदा महाबळेश्वर. चुकत चुकत जे शिकले ते सांगते.

पहिलं म्हणजे भिंतीवरची दिनदर्शिका बघा. हो, तीच. विवाह मुहूर्ताची तारीख असेल आणि हॉटेलला लॉन असेल, तर तिथं लग्न असणार असंच धरून चाला. शक्य असेल तर मंगळवार-बुधवार गाठा. पार्कातल्या रांगाही कमी लागतात.

दुसरं, अ‍ॅपवर खोली बघा, पण बुक करायच्या आधी हॉटेलला फोन करा. ‘शांत आहे का?’ असं विचारू नका, ‘एकदम शांत मॅडम’ हेच उत्तर मिळतं. नेमकं विचारा. त्या रात्री लॉनवर किंवा हॉलमध्ये कार्यक्रम आहे का? जनरेटर कुठल्या बाजूला आहे? लिफ्ट आणि पँट्रीपासून लांबची, मागच्या बाजूची, शक्यतो सगळ्यात वरच्या मजल्यावरची खोली मिळेल का? वर कुणी नसलं की खुर्च्या ओढल्या जात नाहीत. मधे दार असलेल्या जोड-खोल्या दोन्ही आपल्याच असतील तरच घ्या. त्या दारातून शेजारच्यांचा टीव्ही आपल्याच खोलीत चालू असल्यासारखा ऐकू येतो.

तिसरं, रिव्ह्यू वाचताना पाच स्टारवाले सोडा, तीन स्टारवाले वाचा. पाचवाला खूश असतो, एकवाला चिडलेला असतो. ‘रूम चांगली, पण रात्री आवाज होता’ हे तीनवालाच लिहितो.

चौथं, खोलीत गेल्यावर बॅग उघडायच्या आधी दोन मिनिटं सगळे गप्प बसा आणि ऐका. बदलून मागायची हीच वेळ. रात्री अकराला काही होत नाही.

आणि पाचवं, खोल्या वाटताना ‘बायका इकडं, पुरुष तिकडं’ करण्याऐवजी ‘घोरणारे इकडं, न घोरणारे तिकडं’ करा. आमच्याकडे यावर आधी हसू झालं. मग आजीनंच स्वतःला घोरणाऱ्यांत टाकलं आणि प्रश्न मिटला.

कायदाही आपल्या बाजूनं आहे, हे माहीत असू द्या. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर वाजवता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, सण-उत्सवांसाठी, बारापर्यंत सूट देऊ शकतं. हळद त्यात बसत नाही. बंदिस्त हॉलमध्ये, आतल्या आत आवाज ठेवला तर गोष्ट वेगळी. लॉन म्हणजे बंदिस्त हॉल नव्हे. आधी हॉटेलला सांगा, नाही ऐकलं तर ११२ वर पोलिसांना कळवता येतं. मी त्या रात्री कळवलं नाही. ‘दुसऱ्याच्या कार्यात विघ्न कशाला,’ असं आईच म्हणाली. आजही मला ठरवता येत नाही, तिचं बरोबर होतं की माझं गप्प बसणं चूक होतं.

पण इथं थांबले तर मी अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल. एसवायला असताना आम्ही नऊ जण अलिबागला गेलो होतो. दोन खोल्या, एक ब्लूटूथ स्पीकर, रात्रीचे दोन. शेजारच्या खोलीतल्या एका काकांनी दार वाजवलं. बनियनवर होते. शांतपणे म्हणाले, ‘‘बाळांनो, थोडं हळू.’’ आम्ही ‘सॉरी काका’ म्हटलं, दार लावलं आणि फुटून हसलो. पाच मिनिटांनी आवाज पुन्हा होता तेवढाच. त्या खोलीत आत कोण होतं, कुणाला सकाळी लवकर उठायचं होतं, कुणाला गोळी होती, असं काही आमच्या डोक्यातही आलं नाही. खोपोलीच्या रात्री मला ते काका आठवले. आपण कायम आवाज सहन करणारेच नसतो. पुष्कळदा शेजारची खोली आपलीच असते.

मग ग्रुपनं ट्रिपला जायचंच नाही का? जा की! धिंगाणा घाला, पण तो कुठं घालायचा ते ठरवा. समुद्रकिनारा आहे, पार्क आहे, दिवस आहे. रात्री दहानंतर स्पीकरऐवजी गप्पा मारा, कॉरिडॉरऐवजी खोलीत बसा आणि दार हातानं धरून लावा. यात मजा कमी होत नाही, मी करून बघितलंय.

कपिलधारलाही आता सुट्टीच्या दिवशी तेच दिसतं. कार्तिकी पौर्णिमेला इथं यात्रा भरते. महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, तेलंगणातून दिंड्या चालत येतात, तेव्हा गजर असणारच, तो त्या दिवसाचाच आवाज आहे. पण पावसाळ्यातल्या रविवारी धबधब्यासमोर चार ग्रुप चार स्पीकरवर चार गाणी लावतात, तेव्हा पाणी नुसतं दिसतं, ऐकू येत नाही. स्पीकर लावणारे बहुतेक आपल्याच वयाचे असतात.

येत्या दिवाळीत आम्ही पुन्हा इमॅजिकाला जायचं ठरवतोय. भावाला तीच ती राइड परत करायची आहे. पप्पांनी यादी करायला घेतली आणि मला विचारलं, ‘‘हॉटेलचं काय बघायलीस?’’ मी म्हणाले, ‘‘मागच्या बाजूची, वरच्या मजल्यावरची. आणि मंगळवार.’’ या वेळी त्यांनी ते वाक्य म्हटलं नाही.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘या टायमाला बॅगा तुझ्या पप्पांकडं द्या.’’