प्रवासाची पिशवी पायाशीच हवी

सुट्ट्या जवळ आल्या की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टरसाहेब, गाडी करून लांब चाललोय, सोबत काय काय औषधं घेऊ?" मी कागदावर चार नावे लिहून देतो. लोक ती आणतात, डब्यात भरतात, डबा बॅगेत जातो आणि बॅग गाडीच्या टपावर. पूर्वी मलाही यात काही वावगे वाटत नसे. चार वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये मात्र माझ्याच घरात असा प्रसंग घडला की, काय न्यावे यापेक्षा ते कुठे ठेवावे हा प्रश्न मला मोठा वाटू लागला.

आम्ही घरची नऊ माणसे भाड्याच्या जीपने गणपतीपुळ्याला निघालो होतो. कोल्हापुरात महालक्ष्मीचे दर्शन झाले आणि दुपारचे जेवण आंबा घाट उतरून साखरप्याला करायचे ठरले. माझ्या आईला मधुमेह आहे, ती इन्सुलिन घेते. मलकापूर मागे पडल्यावर तिने विचारले, "आता टोचून घेऊ का? अर्ध्या तासात जेवू ना?" मी डॉक्टर, मीच म्हणालो, "घे." घाटात शिरलो आणि पुढे एक ट्रक आडवा झालेला. दोन्ही बाजूंना रांगा लागल्या. पाऊस कोसळत होता आणि मोबाईलला रेंज नव्हती.

तासाभराने आई चिडचिड करू लागली. मला वाटले, कंटाळली असेल. मग तिच्या कपाळावर घाम आला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. रक्तातील साखर उतरली होती. दशम्या, लाडू, गूळशेंगदाणे, ग्लुकोजचा पुडा असे सारे आम्ही बरोबर घेतले होते. पण ते टपावर, ताडपत्रीखाली, दोरीच्या सात गाठींत. इन्सुलिन पर्समध्ये आणि त्यावरचा उतारा टपावर!

मी खाली उतरून पुढच्या ट्रकच्या दारावर थापा मारल्या. त्या चालकाने क्षणात साखरेचा डबा आणि पाण्याची बाटली काढून दिली. स्टोव्ह, चहापत्ती, साखर, विजेरी हे सारे त्याच्या हाताच्या अंतरावर होते. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून आईला पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा एकदा दिली. ती सावध झाली. तो चालक सहज म्हणाला, "साहेब, एवढी माणसं घेऊन निघालात आणि गाडीत साखर नाही?" मी डॉक्टर आहे हे मी त्याला सांगितले नाही.

तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे. लांबच्या प्रवासाला निघताना एक लहान कापडी पिशवी वेगळी भरावी आणि ती घरातल्या जबाबदार माणसाच्या पायाशी ठेवावी. टपावर नको, डिकीत नको. बाकीचे सामान विसरले तरी चालेल.

यावर काही जण म्हणतात, "हल्ली वाटेत सगळं मिळतं." मिळते, पण आपल्याला लागेल त्या वेळी आणि त्या ठिकाणी मिळेलच असे नाही. घाटात अडकलेल्या गाडीजवळ औषधाचे दुकान येत नाही. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला. रस्ता उत्तम आहे, पण मनात आले तिथे त्यावरून बाहेर पडता येत नाही. ठराविक ठिकाणीच उतरावे लागते. रस्ता वेगवान झाला म्हणून आपल्या शरीराच्या गरजा थांबत नाहीत.

आता पिशवीत काय असावे ते सांगतो. सर्वांत वर साखर किंवा ग्लुकोज आणि बिस्किटांचा पुडा. मधुमेही माणसाला घाम, थरथर किंवा बरळणे सुरू झाले तर आधी साखर द्यावी, नंतर पोटभर काही खायला द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवून दवाखाना गाठावा. आणि माझ्या चुकीवरून शिकावे: जेवणाआधीचे इन्सुलिन ताट समोर दिसल्याशिवाय घेऊ नये. वापरात असलेली इन्सुलिनची कुपी साध्या तापमानाला सुमारे चार आठवडे टिकते. पण उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ती खराब होते. जेवायला उतरताना पिशवीही बरोबर उतरवावी. कुपी थेट बर्फावर ठेवू नये.

दुसरे, रोजच्या गोळ्या. चार दिवसांचा प्रवास असेल तर सहा दिवसांच्या घ्याव्यात. सोबत एक चिठ्ठी ठेवावी: रुग्णाचे नाव, आजार, औषधांची नावे व प्रमाण, कशाची ॲलर्जी असल्यास ती, आणि घरच्या दोन माणसांचे फोन नंबर. मोबाईलची बॅटरी संपली तरी कागद वाचता येतो. "ती पांढरी, छोटी गोळी" एवढ्या माहितीवर परगावचा डॉक्टर काहीही करू शकत नाही.

येथे एक सवय मुद्दाम सांगतो. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या अनेक रुग्णांना लघवी जास्त होण्याची गोळी असते. वाटेत सारखे उतरावे लागेल म्हणून ते प्रवासाच्या दिवशी ती परस्पर बंद करतात. पायांवर सूज आणि धाप घेऊन परतलेले असे रुग्ण मी पाहिले आहेत. गोळीची वेळ बदलता येते का, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. बंद करू नये.

तिसरे, जुलाबासाठी जलसंजीवनीची पाकिटे. पाकिटावर जितके पाणी लिहिले असेल तितक्याच पाण्यात पूर्ण पाकीट घालावे. अंदाजाने चिमूटभर पेल्यात टाकू नये. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ पुरते. मुलांचे तापाचे औषध त्यांच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. याखेरीज कापूस, बँडेज, स्वच्छ सुती कापड, तापमापक, विजेरी आणि उलटीसाठी चार पिशव्या. बस, एवढेच.

गाडी लागणाऱ्यांनी पुढच्या बाजूला बसावे, नजर दूर रस्त्यावर ठेवावी, मोबाईलमध्ये डोके घालू नये. उलटीची गोळी निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास आधी घेतली तर उपयोग होतो. या गोळ्यांनी आणि सर्दीच्या अनेक गोळ्यांनी झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने त्या घेऊ नयेत.

जेवणासाठी दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि साल काढून खायची फळे यांसारखी सोबत नाही. सकाळी डब्यात भरलेला भात दुपारपर्यंत गाडीच्या उष्णतेत ठेवून खाणे मात्र धोक्याचे.

आता एक अवघड विषय. आपल्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. कारण सर्वांना ठाऊक आहे, पण कोणी बोलत नाही: वाटेत स्वच्छ आडोसा मिळत नाही आणि "गाडी थांबवा" म्हणायला संकोच वाटतो. मग घरी परतल्यावर लघवीची जळजळ आणि ताप घेऊन त्या दवाखान्यात येतात. हा दोष त्यांचा नाही. दर दोन तासांनी कोणी न सांगता गाडी थांबवावी, हे घरातल्या पुरुषांनी निघतानाच ठरवावे. तासन्‌तास बसून पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका असतो; दोन तासांनी उतरून चार पावले चालल्याने तोही कमी होतो.

शेवटची वस्तू पिशवीत भरता येत नाही. ती म्हणजे चालकाची झोप. आपण खोल्या घेऊन झोपतो आणि भाड्याच्या गाडीचा चालक रात्रभर डासांत, सीटवर अंग मुडपून पडतो. सकाळी त्याच्याच हाती आपण नऊ जीव सोपवतो. खोलीभाड्याचे काही रुपये वाचवण्याचा हा हिशेब मला पटत नाही. चालकाला गादी द्या, वेळेवर जेवू घाला आणि मध्यरात्रीनंतरचा प्रवास टाळा. पट्टा मागे बसणाऱ्यांनीही बांधावा. सप्टेंबर २०२२ मध्ये उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा पालघर जिल्ह्यात अपघातात मृत्यू झाला, तेव्हा ते मागच्या आसनावर पट्ट्याविना होते. गाडी महागडी होती, रस्ता मोठा होता. उपयोग झाला नाही.

रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ हे क्रमांक चिठ्ठीवर लिहून ठेवा. दुसऱ्या कुणाचा अपघात दिसला तर थांबा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. घाटात तो ट्रकचालक आमच्यासाठी थांबला नसता, तर पुढे काय झाले असते याचा विचार मी आजही टाळतो.

आमची ती कापडी पिशवी आता दाराजवळच्या खुंटीवर कायम भरलेली असते. निघताना आई स्वतः ती उचलते आणि आत हात घालून साखरेची डबी आहे ना ते चाचपून पाहते. मग माझ्याकडे बघून म्हणते, "चल, निघूया."

वाचकहो, आपणही येत्या प्रवासाला निघताना टपावरची दोरी आवळण्यापूर्वी एकदा पायाशी पाहून घ्या. आपला प्रवास सुखाचा होवो.