जुन्या जीपचे मोल

नाशिकच्या एका व्यापारी कुटुंबातील वाटणीत मध्यस्थ म्हणून मला बोलावले होते. दुकान, गाळा, दागिने, सारे मिटले. अडले ते वडिलांच्या जीपपाशी. थोरल्या बंधूंनी तिला नवे रूप दिले होते. सर्व पावत्या पुढे ठेवून तोच आकडा किंमत म्हणून धरावा, असे ते म्हणाले. धाकट्यांनी हळूच विचारले, “दादा, रंगाचे पैसे बाजार देतो का?”

प्रश्न रास्त होता. महिंद्र कंपनीने १९४७ साली विलीस जीपची जोडणी सुरू केली. त्या पिढीच्या गाड्यांचा जाणकार आधी रंग पाहत नाही. चासी व इंजिनाचे क्रमांक नोंदणीपुस्तिकेशी ताडतो. मग खिशातील चुंबक पत्र्यावर फिरवतो. गंज झाकायला जाड लांबी भरली असेल, तेथे तो धरत नाही.

या जीपचे पेट्रोल इंजिन काढून डिझेलचे बसवले होते. चालवायला सोयीचे, पण संग्राहकाच्या लेखी मोठी तूट. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनास ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, मात्र चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. ती वाटही बंद झाली.

शेवटी बाहेरच्या दोन जाणकारांकडून भाव मागवले. दोन्ही भाव खर्चाच्या निम्म्यालाही पोहोचले नाहीत. थोरले बराच वेळ गप्प होते. मग पावत्यांची घडी घालून त्यांनी अधिकच्या भावाने जीप स्वतःच्या वाट्यास लावून घेतली.