विश्लेषण : तात्या विंचू यंत्रात का शिरला नाही? जपानी ‘याकुझा’ विज्ञानपट आणि आपण

मरणाच्या दारात पोहोचलेला गुंड मंत्र म्हणून बाहुल्यात शिरतो, ही गोष्ट मराठी प्रेक्षकाला नव्याने सांगावी लागत नाही. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ने १९९३ मध्ये तात्या विंचूला घरोघरी पोहोचवले. चारच वर्षांनी, १९९७ मध्ये जपानी दिग्दर्शक ताकाशी मिइके याने मेलेल्या गुंडाचीच गोष्ट वेगळ्या वाटेने सांगितली. त्याच्या ‘फुल मेटल याकुझा’मधला गुंड मंत्राने नव्हे, तर एका शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत जिवंत होतो. अर्धा माणूस, अर्धे यंत्र. मंत्र आणि यंत्र यांतला हा फरक केवळ करमणुकीपुरता आहे का?

याकुझा म्हणजे कोण?

जपानमधल्या संघटित गुन्हेगारी टोळ्यांना याकुझा म्हणतात. पत्त्यांच्या एका जुन्या जुगारात ८-९-३ ही पाने आली की बेरीज २० होते आणि शेवटचा आकडा शून्य म्हणून डाव फुकट जातो. त्या आकड्यांच्या उच्चारांवरून हे नाव पडले. म्हणजे ‘फुकट गेलेला डाव’. अंगभर गोंदण, म्होरक्याशी निष्ठा, चुकीचे प्रायश्चित्त म्हणून करंगळीचे पेर कापणे ही या टोळ्यांची ओळख. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची संख्या १ लाख ८० हजारांवर होती.

टोळी आणि विज्ञान एकत्र कसे आले?

‘गॉडझिला’चा दिग्दर्शक इशिरो होंडा याने १९५८ मध्ये ‘द एच-मॅन’ केला. त्यात टोकियोच्या रस्त्यावर पावसात अमली पदार्थांच्या टोळीतला एक माणूस नाहीसा होतो. मागे उरतात फक्त कपडे. पोलीस टोळीचा माग काढत राहतात. शास्त्रज्ञ मात्र सांगतो, की हे हायड्रोजन बॉम्बच्या किरणोत्साराने द्रवरूप झालेल्या माणसांचे काम आहे. अणुबॉम्ब सोसलेल्या देशाची भीती गुन्हेगारी कथेत अशी शिरली. पुढे १९९५ च्या ‘जॉनी म्नेमॉनिक’ या हॉलिवूडपटात याकुझा आले, तेव्हा ते सोन्याच्या नव्हे, तर नायकाच्या मेंदूत साठवलेल्या माहितीच्या मागे लागले होते. चित्रपटातले साल होते २०२१.

आपल्याकडे अडले कुठे?

पैशाचे कारण लगेच पुढे केले जाते. पण ‘फुल मेटल याकुझा’ हा चित्रपटगृहांसाठी नव्हे, थेट व्हिडीओ बाजारासाठी कमी खर्चात केलेला चित्रपट होता. मुंबईत १९८७ मध्ये ‘मिस्टर इंडिया’ झाला. त्यात मोगॅम्बोच्या टोळीसमोर अदृश्य करणारे यंत्र होते आणि लाल प्रकाशात माणूस दिसतो, हा त्या यंत्राचा नियमही होता. प्रेक्षकाने तो नियम लक्षात ठेवला. मराठीत तर डॉ. जयंत नारळीकर १९७४ पासून विज्ञानकथा लिहीत होते. म्हणजे कथाही होती आणि प्रेक्षकही होता. तरी पडद्यावरचा मराठी गुंड बाबाकडे गेला, प्रयोगशाळेत गेला नाही.

‘झपाटलेला’चा यात दोष नाही. तो ज्या हॉलिवूडच्या ‘चाइल्ड्स प्ले’वर बेतला, त्यातही जादूटोणाच होता, आणि रामदास पाध्ये यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा तात्या आजही तितकाच रंगतो. प्रश्न एवढाच आहे, की त्यानंतर ३० वर्षांत दुसरी वाट का धरली गेली नाही.

लोणीचा यात काय संबंध?

आंबेगाव तालुक्याच्या पूर्व टोकाला, पाण्यासाठी वर्षानुवर्षे झगडणाऱ्या पट्ट्यात लोणी आहे. त्याच्या दक्षिणेला पाबळ. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत विज्ञान शिकायचे, ही तिथली रीत. उत्तरेला जुन्नर तालुक्यात खोडद. तिथल्या ‘जीएमआरटी’ प्रकल्पात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी आकाशातले रेडिओ संदेश टिपतात. त्याच परिसरात तमाशाची पंढरी नारायणगाव. कांद्याच्या शेतांपलीकडे दिसणाऱ्या त्या प्रचंड तबकड्या म्हणजे विज्ञानपटाचा आयता सेट. गोष्ट रंगवून सांगणारी माणसेही इथलीच. दोघांची गाठ मात्र पडलेली नाही.

मग बिघडले काय?

जपानमध्ये आज खऱ्या याकुझांची संख्या २० हजारांच्या खाली आली आहे. १९९२ पासून लागू झालेला टोळीविरोधी कायदा आणि पुढचे स्थानिक निर्बंध यांनी त्यांची कोंडी झाली. पण गुन्हेगारी संपली नाही. तिथले पोलीस आता ‘निनावी, प्रवाही’ टोळ्यांबद्दल बोलतात. समाजमाध्यमांवर ‘काम मिळेल’ म्हणून तरुण गोळा केले जातात आणि त्यांना हुकूम देणाऱ्याचा चेहरा त्यांनाही माहीत नसतो. गोंदण नाही, म्होरक्या नाही, फक्त फोन.

हाच फोन लोणीतही वाजतो. मंचरच्या बाजारात कांदा विकून पैसे खात्यावर आले, की पलीकडून कोणी ‘साहेब’ बोलू शकतो. पोलिसाचा गणवेश घालून व्हिडीओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देऊ शकतो. अशी अटक कायद्यात नाहीच. फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर तातडीने तक्रार करायची असते. पण त्याआधी एक प्रश्न सुचावा लागतो : हे चालते कसे?

मंत्राची गोष्ट हा प्रश्न विचारू देत नाही. तिथे बाबाने सांगितलेला उपाय तेवढा पाळायचा. यंत्राची गोष्ट, कितीही अचाट असली तरी, कुठली तार कुठे जोडली आहे ते बघायला लावते. मराठी सिनेमाने तात्या विंचूला निवृत्त करू नये. मात्र पुढचा गुंड बाहुल्याऐवजी मोबाइलमध्ये शिरला, तर लोणीच्या प्रेक्षकाला तो परका वाटणार नाही. त्याचा आवाज त्याने बहुधा आधीच ऐकलेला असेल.