जुनी मस्टँग घरी उभी करायची, पण पैसे नेमके कुठे आहेत?



अमेरिकेत कुणाच्या तरी घरच्या गॅरेजमध्ये गंजून गेलेली मस्टँग येते आणि चाळीस मिनिटांच्या व्हिडिओत आरशासारखी चकाकत बाहेर पडते. तुमच्यापैकी बरेच जण हे व्हिडिओ बघता आणि मग मला विचारता, "सर, असा धंदा करता येईल का?" काही जण तर विचारतात, नोकरी सोडू का, वडिलांच्या रिटायरमेंटच्या पैशातून सुरू करू का. म्हणून आज यावर जरा मोकळेपणाने लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हौस म्हणून यासारखी हौस नाही. पण "जुनी गाडी घ्या, घरी नीट करा, विका" हा धंदा मला पटत नाही. त्या गाडीच्या आजूबाजूला जो धंदा उभा आहे, तो मात्र खरा आहे. गंमत अशी की तो व्हिडिओत जवळजवळ दिसतच नाही.

आधी गाडी समजून घेऊ. १९६४ साली पाँटिॲकने जीटीओ काढली. मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन बसवलं. जनरल मोटर्सच्या नियमाप्रमाणे मध्यम गाडीत एवढं मोठं इंजिन चालत नव्हतं, म्हणून पाँटिॲकवाल्यांनी ते "जादा पर्याय" म्हणून दाखवलं. म्हणजे बघा, मसल कार ही मुळात कंपनीनेच केलेली जुगाडबाजी! त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्डने मस्टँग आणली, किंमत २,३६८ डॉलरपासून. पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांहून जास्त गाड्या गेल्या, दोन वर्षांत दहा लाखांचा आकडा पार झाला. (जाणकार म्हणतील की मस्टँग ही पोनी कार, मसल कार नव्हे. त्यांच्याशी मी वाद घालणार नाही, आपल्या मुद्द्याला दोन्ही चालतात.)

हा दहा लाखांचा आकडा लक्षात ठेवा, कारण घरी गाडी उभी करणं शक्य झालं ते त्याच्यामुळे. इतक्या गाड्या रस्त्यावर आल्या म्हणून त्यांचे भाग नव्याने बनवणं कुणालातरी परवडलं. आज १९६५-६६ च्या मस्टँगचा पत्रा, रबर, काचेची पट्टी, सीटचं कव्हर, डॅशबोर्डाचं बटण, सगळं नवं मिळतं. १९६७ च्या फास्टबॅकचा तर आख्खा नवा सांगाडा विकत मिळतो. जुन्या गाडीचं गिऱ्हाईक तयार आहे आणि त्याला लागणारा प्रत्येक नटबोल्ट कुणीतरी विकतंय. असा बाजार तयार व्हायला पन्नास वर्षं लागली.

आता काम काय असतं ते बघा, कारण व्हिडिओत हाच भाग संगीत लावून पळवतात. मस्टँगला वेगळी चासी नाही, बॉडीच चासीचं काम करते. त्यामुळे पत्रा सडला की गाडीचा कणाच सडतो. सगळ्यात बदनाम जागा म्हणजे विंडशील्डच्या खालची पोकळी, तिला काउल म्हणतात. तिथे पाला साचतो, पाणी अडकतं, आतून गंज धरतो आणि पाणी सरळ पायाखालच्या फ्लोअरवर टपकतं. वरून गाडी ठणठणीत दिसते. घेणारा बोनेट उघडून इंजिनचा आवाज ऐकत बसतो आणि खरा खर्च कार्पेटखाली असतो. जाणकार माणूस आधी तिथे बाटलीभर पाणी ओततो आणि खाली बसून बघतो, कुठून गळतंय ते. काउल बदलायचा म्हणजे शेकडो स्पॉट वेल्ड ड्रिलने सोडवायचे. मग टॉर्क बॉक्स, मागच्या रेल, क्वार्टर पॅनल. वेल्डिंग सलग मारलं तर पातळ पत्रा तापून वाकतो, म्हणून एक टाका इथे, दुसरा लांब तिथे, मध्ये थंड होऊ द्यायचं. एका फ्लोअरला आठवडे जातात. त्यानंतर प्रायमर, लांबी, घासकाम, परत प्रायमर, परत घासकाम. रंग उडवायला एक दिवस लागतो, पण त्या एका दिवसाची तयारी दोन-तीन महिने चालते.

चला, वही काढा. आकडे समजुतीसाठी माझे आहेत, तुमच्या गाडीला वेगळे येतील. समजा सांगाडा घेतला १०,००० डॉलरला. पत्र्याचे भाग ४,०००. इंजिन पूर्ण उघडून बांधायला ५,०००. गिअरबॉक्स आणि ब्रेक ५,०००. रंग ८,०००. आतलं कुशन, क्रोम, रबर ५,०००. वायरिंग, टायर, किरकोळ ३,०००. झाले ४०,०००. गाडी विकली ४२,००० ला. मित्र म्हणतील, वा, दोन हजार सुटले! पण घरच्या घरी पूर्ण गाडी करायला हजार तास सहज जातात. २,००० भागिले १,०००, म्हणजे तासाला २ डॉलर. अमेरिकेत केंद्र सरकारने ठरवलेली किमान मजुरीसुद्धा तासाला ७.२५ डॉलर आहे. आणि यात वेल्डिंग मशीन, कॉम्प्रेसर, वीज, जागा काहीच धरलेलं नाही. आठवड्याला १५ तास दिले तर हे हजार तास सव्वा वर्ष खातात, आणि तेवढा काळ ४०,००० डॉलर अडकून पडतात.

कुणी म्हणेल, "पण सर, एक मस्टँग लिलावात ३४ लाख डॉलरच्या बोलीला गेली की!" हो, गेली. जानेवारी २०२० मध्ये, फ्लोरिडात. ती 'बुलिट' सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली १९६८ ची गाडी. १९७४ मध्ये एका कुटुंबाने ६,००० डॉलरला घेतली आणि घरच्या रोजच्या कामाला वापरली. पण नीट बघा, ती विकली गेली तेव्हा तिला नवा रंग नव्हता. ओरखडे, पोचे, गंज तसेच होते. कुणी प्रेमाने तिला चकचकीत केली असती तर लाखो डॉलर घासून काढले असते.

यातून धंद्याची एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ज्या गाडीचे इंजिन आणि गिअरबॉक्सचे नंबर मूळ नोंदीशी जुळतात, जी मोजक्या संख्येत बनली, तिला हात लावायचा तो जपण्यापुरता. याउलट सहा सिलिंडरची साधी मस्टँग, जी लाखांनी बनली, तिच्यात खुशाल बदल करा. पुढे डिस्क ब्रेक घाला. १९६६ पर्यंतच्या गाड्यांत ब्रेकचा एकच सर्किट असतो, एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले, तो दुहेरी करा. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, नंतरच्या मस्टँगचा पाच गिअरचा बॉक्स बसवा. गाडी रोज वापरता येते, आणि गिऱ्हाईकाला तेच हवं असतं. कुठली गाडी जपायची आणि कुठली बदलायची, हे ओळखणाऱ्या माणसाच्या सल्ल्याला पैसे मिळतात. पान्हा फिरवणारे बरेच भेटतील.

मग पैसे कमावले कुणी? विक एडलब्रॉक नावाचा लॉस एंजेलिसकडचा एक गॅरेजवाला होता. १९३८ मध्ये त्याने १९३२ सालची फोर्ड घेतली. तिने जास्त जोरात पळावं म्हणून इंजिनवर बसणारा एक मॅनिफोल्ड तयार करवून घेतला. गाडी पळाली, लोक विचारायला लागले. त्याने काय केलं? दुसरी गाडी नाही घेतली. तोच मॅनिफोल्ड शंभर नग बनवून विकला. आजही त्याच्या नावाचे भाग अमेरिकेत विकले जातात. आणि समोरचं गिऱ्हाईक कोण? रात्री गॅरेजमध्ये तासाला दोन डॉलरने राबणारा हौशी माणूस! त्याला त्याच्या तासांची किंमत लावायची नसते, त्याला मजा हवी असते. तुम्ही त्याच्या जागी धंदा म्हणून बसलात तर तुमची स्पर्धा फुकट काम करणाऱ्याशी आहे. त्याच्या समोर बसलात तर तो तुमचा गिऱ्हाईक आहे. जागा तीच, खुर्ची फक्त बदलायची.

आपल्याकडे मसल कार नाहीत, पण हौशी माणूस आहे. बुलेट, येझदी, राजदूत, चेतक, पद्मिनी, जीप जपणारे लोक महाराष्ट्रात गावोगाव आहेत. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी गाड्या चालू आहेत. त्यांना पेट्रोल टाकी आतून साफ करून देणारा, मूळ रंगांच्या वायरींचा हार्नेस बांधून देणारा, दरवाजाचं रबर बरोबर मापाचं काढून देणारा, जुन्या नक्षीची सीट शिवणारा माणूस हवा असतो. यातलं एकच काम उचला. सगळी गाडी अंगावर घेऊ नका.

आणि मॉडिफिकेशनचं दुकान टाकायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी आधी कायदा वाचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा नोंदणीतले तपशील वेगळे होतील असा बदल चालणार नाही. म्हणजे अमेरिकेतल्या व्हिडिओतलं इंजिन बदलण्याचं काम इथे जसंच्या तसं विकता येत नाही. गिऱ्हाईकाची गाडी पकडली गेली तर तो पहिला फोन तुम्हालाच करणार. उलट जुनी गाडी मूळ रूपात जपायला सरकारने वाट करून दिली आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी, मोठे बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. ती रोजच्या किंवा व्यावसायिक वापराला चालत नाही. म्हणजे मूळ रूपातल्या कामाला कायद्याचाच आधार आहे, आणि माझ्या मते इथे धंदा त्या बाजूलाच आहे.

रंगकाम निवडणाऱ्यांना एकच सांगणं. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा लागू शकतो. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. बाहेरून स्वच्छ हवा देणारा मास्क लागतो, आणि त्याचा खर्च तुमच्या दरात धरायचा असतो. जो धरत नाही तो स्वस्त पडतो, त्याच्याशी दराची बरोबरी करायला जाऊ नका.

नोकरी सध्या चालू ठेवा. आठवड्याचे १५ तास तिकडून काढा, भंगारातला पत्रा आणा आणि टाके मारायचा सराव करा. एक काम शंभर रुपयांना जमतंय की हजारांना, हे पहिल्या दहा गिऱ्हाइकांत कळतं. पुढच्या व्हिडिओत तासाचा दर कसा काढायचा ते फळ्यावर करून दाखवणार आहे. तुमच्या कामाचे तास लिहून घेऊन बसा.