खांद्यावरचा परिग्रह



परिग्रह-परिमाण हे श्रावकाचे पाचवे अणुव्रत. ते मी तरुणपणीच घेतले आणि दर चातुर्मासात वहीत मर्यादा लिहून ती पाळत आलो. परंतु परिग्रहाचे वजन कोणाच्या खांद्यावर पडते, हे मला गेल्या जुलैच्या प्रारंभी, अमेरिकेतील सिएरा नेवाडा पर्वतात समजले.

योसेमिटी खोऱ्यापासून ४,४२१ मीटर उंचीच्या माउंट व्हिटनी शिखरापर्यंत सुमारे ३४० किलोमीटरची एक पायवाट जाते. तिला ‘जॉन म्यूर ट्रेल’ म्हणतात. कन्या कॅलिफोर्नियात नोकरी करते. तिच्या आग्रहामुळे या वाटेचा मधला काही दिवसांचा टप्पा मी चाललो. त्यातील एका दिवसाची ही हकीकत.

सुमारे ३,३०० मीटर उंचीवरील इव्होल्यूशन तलावाजवळ आमचा मुक्काम होता. प्राचीन हिमनद्यांनी ग्रॅनाइटचा खडक कोरला, त्या खोलगट जागांत पाणी साचले आणि एकामागून एक तलावांची माळच तयार झाली. भोवतालच्या शिखरांना डार्विन, हक्स्ली अशा शास्त्रज्ञांची नावे आहेत. अन्न अस्वलाला उघडता न येणाऱ्या कडक डब्यातच ठेवावे लागते. डब्यात मावेल तेवढाच शिधा. तेथे परिमाण डबाच ठरवतो!

नवकारशी पाळून, पाणी गाळून व उकळून घेऊन आम्ही निघालो. तलावात येऊन मिळणारा प्रवाह दगडांवर पाय ठेवीत ओलांडायचा होता. मध्येच मुलीचा पाय घसरला. पाठीवरच्या ओझ्याने तिला मागे ओढले आणि ती गुडघाभर बर्फाळ पाण्यात उतरली. मी हसत म्हणालो, “माझ्यासारखा म्हातारा पार झाला आणि तू घसरलीस!” तीही हसली, बोलली काहीच नाही.

पुढे सफायर तलाव, मग विस्तीर्ण वांडा तलाव लागला. झाडे केव्हाच मागे राहिली होती; खडक, पाणी आणि आकाश एवढेच उरले होते. दुपारी ३,६४४ मीटर उंचीच्या म्यूर खिंडीत पोहोचलो. वादळात सापडलेल्यांना आसरा मिळावा म्हणून सिएरा क्लबने १९३० मध्ये तेथे दगडी झोपडी बांधली आहे. खिंडीच्या अलीकडील वांडा आणि पलीकडील हेलन हे दोन्ही तलाव जॉन म्यूर यांच्या कन्यांच्या नावाचे.

ढग दाटून आले, तेव्हा आम्ही झोपडीत शिरलो. रेनकोट शोधण्यासाठी मुलीने आपली पिशवी रिकामी केली. आतून निघाली माझी दुसरी शाल, माझा थर्मास, माझे जादा बूट आणि औषधांचा दुसरा डबा. निघताना तिने हे सारे गाडीतच ठेवण्यास सुचवले होते. “असू दे, लागले तर?” हा आपला व्यापाऱ्यांचा ठरलेला मंत्र मी म्हटला होता. पिशवी मला पेलेना, तेव्हा “मी ठेवते गाडीत,” असे ती म्हणाली होती.

“मग हे इथे कसे?”

“बाबा, एखादी वस्तू नाही म्हणून तुम्हांला रात्री झोप लागली नसती.”

सकाळचे माझे हसणे मला आठवले. त्या सगळ्या वस्तू मी माझ्या पिशवीत भरल्या. हेलन तलावाकडे उतरताना बर्फाच्या पट्ट्यांवर गुडघे प्रत्येक पावलाला हिशेब मागत होते. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून चौविहार केला; पण मन स्वस्थ नव्हते.

वहीतील मर्यादा मी एकदाही ओलांडली नव्हती. तथापि माझ्या संग्रहाचा भार कोण वाहतो, असा रकानाच त्या वहीत नव्हता. भाव वाढेल म्हणून घेतलेली जागा, माळ्यावर पडून असलेला माल, जुनी येणी हे सारे नावाने माझे. त्याची देखरेख, व्याज आणि चिंता मात्र घरातील दुसऱ्याच कोणाची.

घरी परतल्यावर व्यवसाय सांभाळणाऱ्या मुलाला मी विचारले, “माझे कोणते ओझे तू वाहतो आहेस?” त्याने त्या दिवशी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने जुन्या गोदामाची किल्ली माझ्यासमोर ठेवली. दहा वर्षे तिथला माल हललेला नव्हता, आणि दहा वर्षे तो मला एक शब्दही बोलला नव्हता.

या चातुर्मासात वहीत मी तो नवा रकाना आखला आहे. गोदाम रिकामे होत आहे.